ठिपकूचा उजेड

खूप खूप आधी. चांदोबा नव्हता. सूर्य नव्हता. तुझ्या आजोबांचा चष्मासुद्धा नव्हता!

होता फक्त उजेड. आणि त्यात एक ठिपकू. धुक्याचा इवलासा ठिपका.

एकदा काय झालं, उजेड फिका झाला. आणखी फिका झाला. आणि गडप!

"माझा उजेड कुठे गेला? मला भीती वाटते!" ठिपकूने भोकाड पसरलं.

मग निघाला. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. भेटला ढग.

"ढगदादा, ढगदादा, दिवा लाव ना! माझा उजेड सापडेना!"

"नाही लावत, जा! दाटीवाटीने बसलो तर दिवा लागेल. खळगा खोल नाही. मी बसू कुठे?"

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. भेटला खळगा.

"खळगेमामा, खळगेमामा, खोल व्हा ना! ढग दिवा लावेना, माझा उजेड सापडेना!"

"नाही होत, जा! गुपचूप मंडळी बसली तर खोल होईन. ती बसतायत कुठे?"

गुपचूप मंडळी कोण? ती कुणाला दिसत नाहीत. बोट लावलं तर लागत नाहीत. पण आहेत हं! चांगली जडजड आहेत.

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. सुळ्ळ! कुणीतरी ठिपकूच्या पोटातून आरपार गेलं.

"ही ही ही, गुदगुल्या! गुपचूप मंडळी, गुपचूप मंडळी, बसा ना! खळगा खोल होईना, ढग दिवा लावेना, माझा उजेड सापडेना!"

"नाही बसत, जा! आम्ही गरम गरम, आम्ही पळणार! आभाळ पसरलं तर निवू. निवलो तर बसू." सुळ्ळ!

गरम भात ताटात पसरला की निवतो ना? अगदी तस्सं.

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. आभाळकाकू बसल्या होत्या मुटकुळं करून.

"आभाळकाकू, आभाळकाकू, पसरा ना! मंडळी बसेनात, खळगा खोल होईना, ढग दिवा लावेना, माझा उजेड सापडेना!"

"नाही पसरत, जा! सवड झाली की बघू."

आता पुढे कुणीच नव्हतं. ठिपकू फार दमला होता. रडायला तोंड उघडलं, तर आली जांभई. "आऽऽऽ!"

"अरे अरे, जांभई नको देऊस! मला पण ये... आऽऽऽऽऽ!"

काकूंनी दिले आळोखेपिळोखे. हात इकडे, पाय तिकडे! काकू पसरल्या. मंडळी निवली. निवली तशी बसली, धप धप धप! खळगा खोल झाला. ढग आत घसरला, घसर्रर! ठिपकूही घसरला.

"मला माझा एकट्याचा छोटासा खळगा हवा होता," ठिपकू कुरकुरला.

"छोटे खळगे? ते या मंडळींनी पळून पळून कधीच पुसले," खळगेमामा म्हणाले. "आता एकच, मोठ्ठा. सगळ्यांनी मिळून बसा!"

"सरक ना!"

"तू सरक!"

"माझा पाय!"

ढकलाढकली झाली. अंगं घासली. अंगं तापली. आणि... भप्प! लागला की दिवा! पहिला तारा!

"सापडला का रे उजेड?" काकूंनी विचारलं.

ठिपकूने इकडे पाहिलं. तिकडे पाहिलं. मग पाहिलं आपल्याच पोटाकडे.

"अरेच्चा! हा तर माझ्यातूनच येतोय!"

आभाळकाकू अजून पसरतायत. आता जांभई कुणी दिली असेल बरं?

तूच दिलीस! मी पाहिलं.