चाळीस वेळा बरोबर उत्तर

एका औद्योगिक वसाहतीत औषधांचा एक कारखाना होता आणि तिथे दाभाडे नावाचे सुपरवायझर होते. माणूस कामसू, मायाळू. दोष एवढाच, की कागदोपत्री काही अपुरं दिसलेलं त्यांना खपत नसे, मग आत काहीही असो.

कारखान्यात ट्रेनिंगचं पोर्टल आलं. प्रत्येक कामगारानं संगणकापुढे बसून धडा पाहायचा आणि शेवटी प्रश्न सोडवायचे. धडा झाला की नावापुढे हिरवी खूण, नाही तर लाल. औषधांचा कारखाना म्हणजे सरकारी तपासणी आलीच, आणि तपासणीस आल्याबरोबर आधी या खुणा बघत.

एकदा तपासणी दोन दिवसांवर आली आणि दाभाड्यांच्या चाळीसच्या चाळीस माणसांपुढे लाल खुणा! धडा नवा होता. टाक्या धुण्याचं कॉस्टिक, म्हणजे कातडी जाळणारं सोड्याचं पाणी, डोळ्यांत उडालं तर काय करायचं, याचा. माणसं कामावरून उठवावीत, तर काम अडणार. टाक्या धुणाऱ्या सुभद्राबाई मात्र आपणहून आल्या.

"साहेब, माझा धडा राहिलाय. बसू का?"

"राहू द्या हो बाई! वीस वर्षं टाक्या धुताय, तुम्हाला कोण शिकवणार? मी बघतो."

सगळ्यांचे पासवर्ड दाभाड्यांपाशी होतेच. एकेक नाव उघडून त्यांनी धडे पुढे पळवले आणि उत्तरं भरली. 'डोळे धुण्याचा नळ कुठे आहे?' हा नळ इतकी वर्षं जिन्याखाली होता, तो कालच्या सुट्टीत स्टोअरमागे हलवला होता. दाभाड्यांनी चाळीस वेळा बरोबर उत्तर दिलं. संध्याकाळपर्यंत पडदा हिरवागार झाला. घोडं एकदाचं गंगेत न्हालं, म्हणून ते खुशीत घरी गेले.

दुसऱ्याच दिवशी पाइपाचा जोड सुटला आणि कॉस्टिक सुभद्राबाईंच्या चष्म्याखालून डोळ्यांत उडालं. मिटल्या डोळ्यांनी बाई सवयीनं जिन्याकडे धावल्या आणि भिंत चाचपत राहिल्या. आग रामेश्वरी नि बंब सोमेश्वरी! मदतीला आलेलेही तिथेच नळ शोधत होते, कारण धडा कुणीच पाहिला नव्हता. स्टोअरमागे पोचेपर्यंत फार उशीर झाला. बाईंचा उजवा डोळा गेला.

चौकशीला आलेल्या अधिकाऱ्यांनी पोर्टल उघडलं. "बाईंना पैकीच्या पैकी गुण आहेत. नळ ठाऊक असून भलतीकडे गेल्या. चूक त्यांचीच."

"मी तो धडा बघितलाच नाही, साहेब," डोळ्यावर पट्टी बांधलेल्या सुभद्राबाई म्हणाल्या. कुणाला ते खरं वाटेना.

दाभाड्यांची मान खाली गेली. गप्प राहिलं तर नोकरी वाचेल, असं क्षणभर त्यांच्या मनात आलं, आणि त्या क्षणाची त्यांना पुढे जन्मभर लाज वाटली.

"ते गुण बाईंचे नाहीत, माझे आहेत," ते म्हणाले.

बाईंवरचा ठपका पुसला गेला, दाभाड्यांची नोकरी गेली. पण डोळा काही परत आला नाही. माफी मागायला ते बाईंच्या घरी गेले, तेव्हा बाई रागावल्या नाहीत. चहा पुढे ठेवून एवढंच म्हणाल्या, "मी बसते म्हणाले होते हो, साहेब. अर्धा तासच तर लागला असता. का नाही बसू दिलंत?"



तात्पर्य: दुसऱ्याच्या नावावर गुण चढवता येतात, शिकणं चढवता येत नाही, आणि संकटात माणसाच्या कामी येतं ते शिकणंच.