विद्यार्थी कृतीचा रकाना

"…पण मास्तर, यात चूक कुठं आहे, तेवढं तरी दाखवा."

उंबरजे गुरुजींनी वही पुढं सरकवली. दस्तगीर मास्तरांनी ती घेतली नाही. ते तांदूळ निवडत होते. सुपातला एक खडा त्यांनी चिमटीत धरला, उजेडाकडं करून बघितला आणि बाजूला टाकला.

"चूक आहे, असं मी कुठं म्हणालो?"

"मग काय म्हणालात?"

"काहीच नाही."

आणि ते खरंच होतं. टेकडी चढून आल्यापासून अर्धा तास बोलत होते ते एकटे गुरुजीच.

बोरखडीच्या टेकडीवर पिराचा दर्गा आहे, त्याला लागून एक खोली. मास्तर तिथं राहत. खाली गावातल्या शाळेत त्यांनी एकतीस वर्षं पोरं शिकवली. बायको गेली, मुलं पोटापाण्याला शहरात गेली, तेव्हा मास्तरांनी घराला कडी लावली आणि हातात झाडू घेऊन पिराच्या दाराशी येऊन बसले. कुणाचं लग्न अडो, कुणाचं बांधावरून वाजो, लोक आधी टेकडी चढत आणि मग तालुक्याची एसटी धरत.

उंबरजे गुरुजी त्याच शाळेवर तीन वर्षांपूर्वी बदलून आलेले. माणूस कष्टाचा, शब्दाचा पक्का. टाचण म्हणजे उद्या वर्गात काय शिकवायचं आणि कसं, हे आदल्या दिवशी लिहून काढायची वही. पुष्कळ शिक्षक साहेब येणार अशी कुणकुण लागली की महिन्याभराचं टाचण एका बैठकीत उरकतात. उंबरज्यांचं तसं नव्हतं. ते रोज लिहीत. डावीकडं 'शिक्षक कृती', उजवीकडं 'विद्यार्थी कृती', कडेला मिनिटं. रकाने पट्टीनं आखलेले, मथळे लाल शाईत. दिवाळीच्या आधी कापडवाला दुकानाची दर्शनी फळी लावतो ना, घडीवर घडी, रंगाला रंग, की गिऱ्हाइकानं हात लावला तर त्यालाच वाईट वाटावं… तशी ती वही. आसपासच्या शाळांचं मिळून जे केंद्र असतं, त्याच्या बैठकीत ती हातोहात फिरायची.

आणि त्याच शाळेतली एकोणीसपैकी आठ मुलं तीन आठवडे झाले येत नव्हती.

आठही धनगरवाडीतली. बुधवारी पटपडताळणी होती. साहेब येऊन डोकी मोजणार, आणि डोकी कमी भरली तर बोरखडीची शाळा बंद करून शेजारच्या गावात मिसळणार, असं पत्र आलेलं होतं. शेजारचं गाव सहा किलोमीटर. पहिली-दुसरीची पोरं तिथवर चालत जाणार नाहीत, हे पत्र लिहिणाऱ्यालाही ठाऊक असावं.

म्हणून रविवारची दुपार गाठून गुरुजी वर आले होते. धनगरवाडी मास्तरांच्या शब्दाबाहेर नाही. मास्तरांनी एक शब्द टाकावा, एवढंच त्यांचं मागणं होतं.

पोरं का येईनात, एवढंच काय ते मास्तरांनी विचारलं होतं. गुरुजी म्हणाले, त्या लोकांना शिक्षणाची कदर नाही, दुसरं काय. आपल्याकडून कसर नाही याचा पुरावा म्हणून त्यांनी पिशवीतून वही काढली होती.

मास्तरांनी सूप खाली ठेवलं. हात धोतराला पुसले.

"यातला उत्तम पाठ कुठला?"

गुरुजींचा चेहरा खुलला. त्यांनी पान उघडलं. तिसरीचा, दिशांचा पाठ. केंद्रप्रमुखांनी या पानावर 'अतिउत्कृष्ट' असा शेरा मारून खाली दोन रेघा ओढल्या होत्या.

"मला शिकवा," मास्तर म्हणाले.

"तुम्हाला?"

"वर्गात कुणी नाहीच आहे. मी बसतो."

आणि सत्तरीचा तो माणूस मांडी घालून, हाताची घडी करून समोर बसला. चष्मा चढवला. वही मात्र स्वतःच्या मांडीवर उघडी ठेवली. गुरुजींना ती लागतच नव्हती. पाठ त्यांना तोंडपाठ होता.

ते उभे राहिले. घसा खाकरला.

"सूर्य कोणत्या दिशेला उगवतो?"

मास्तरांनी उजव्या रकान्यावर बोट ठेवलं आणि वाचलं, "सूर्य पूर्वेला उगवतो."

"उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभं राहिलं, तर उजवा हात कोणत्या दिशेला?"

"दक्षिणेला."

"आणि डावा?"

"उत्तरेला."

"शाबास."

"शाबासही लिहिलंय," मास्तर म्हणाले.

गुरुजी जरा थबकले, पण पाठ सोडवेना. प्रश्नामागून प्रश्न गेले, उत्तरामागून उत्तरं आली. एकही चुकलं नाही. शेवटी मास्तरांनी वाचलं, "विद्यार्थी आनंदाने टाळ्या वाजवतात," आणि खरोखरच दोन टाळ्या वाजवल्या. घुमटावरची पारवी फडफडून उडाली.

गुरुजी हसले. मास्तर हसले नाहीत. ते पानाची कड बघत होते.

"चाळीस मिनिटांचा पाठ आहे हा?"

"हो."

"आत्ता सात-आठ मिनिटांत झाला."

"तुम्ही उत्तरं लगेच दिलीत. मुलं वेळ घेतात."

"मग उरलेली मिनिटं कुणाची?"

"…मुलांची."

"ती कुठं लिहिलीत?"

गुरुजींनी वहीकडं पाहिलं. उजवा रकाना वरपासून खालपर्यंत भरलेला होता. अक्षर मोत्यासारखं. तो रकाना मुलांचा. आणि मुलांनी तोंड उघडायच्या आदल्या दिवशीच तो त्यांनी स्वतः, एकट्यानं, खोलीत बसून भरला होता. तीन वर्षं भरत आले होते. हे त्यांना आज पहिल्यांदा दिसलं, असं म्हणता येणार नाही. आज पहिल्यांदा ते टोचलं.

ते खाली बसले.

"वर्गात हा पाठ असाच झाला का?" मास्तरांनी विचारलं.

"जवळजवळ."

मास्तर थांबून राहिले. पेठेत बसलेल्या जुन्या माणसाला कळतं, गिऱ्हाईक पायरीवर नुसतं रेंगाळलंय की त्याच्या तोंडावर काही आलंय. तसे ते थांबले.

"एक मुलगी आहे…" गुरुजी म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. मुलीचं नाव मायाक्का. धनगरवाडीची. तिथल्या आठांत तीच थोरली, म्हणजे असेल नऊ वर्षांची. शाळेच्या वाटेवर ओढा लागतो, तो ओलांडताना बारक्यांचे हात तीच धरते. ती निघाली की वाडी निघते. तीन आठवड्यांपूर्वी, या पाठाच्या दिवशी, केंद्रप्रमुख मागं खुर्ची टाकून बसले होते. गुरुजींनी पहिलाच प्रश्न मायाक्काला विचारला. सोपा होता, म्हणून मुद्दाम तिला. सूर्य कुठून उगवतो?

"काय म्हणाली?"

"म्हणाली, 'कुठल्या महिन्यात, गुरुजी?'"

मास्तरांची मान वर आली.

वर्ग हसला होता. केंद्रप्रमुखही हसले. या प्रश्नाला टाचणात दोन मिनिटं होती. गुरुजींनी दुसऱ्या मुलाला उठवलं, त्यानं 'पूर्व' सांगितलं, टाळ्या झाल्या, पाठ पुढं गेला.

"आणि ती?"

"उभीच होती. मग बसली. दुसऱ्या दिवसापासून वाडी आली नाही."

"तुम्ही तिला काही म्हणालात?"

गुरुजींनी सुपातल्या तांदळात बोट फिरवलं.

"…मास्तर, साहेब समोर बसले होते."

"मी साहेबांचं विचारलं नाही."

"म्हणालो, 'मेंढरांत राहून मेंढरूच झालीस.'"

पारवी एकेक करून घुमटावर परत येऊन बसली. मास्तरांनी सूप गुरुजींच्या हाताखालून काढून बाजूला ठेवलं. त्यांना राग आला होता, आणि तो गिळायला वेळ लागत होता, हे गुरुजींना कळलं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"आज सूर्य कशामागून वर आला?" अखेर मास्तर म्हणाले.

"पूर्वेकडूनच की."

"कशामागून, विचारलं."

"…बघितलं नाही."

"काल?"

गुरुजींनी नकारार्थी मान हलवली.

"तीन वर्षांत एखाद्या दिवशी?"

मास्तर उठले. गुरुजींच्या खांद्यावर हात टेकून त्यांना टेकडीच्या कडेला घेऊन गेले. खाली धनगरवाडी दिसत होती. कुडाची घरं, बाभळी, आणि मधोमध मेंढरं कोंडायची जाळी. तिला ते लोक वाघूर म्हणतात. मास्तरांनी बोटानं दाखवत सांगितलं, की आता पौषात सूर्य त्या दगडखाणीमागून निघतो. ज्येष्ठात तो तळ्याच्या अंगाला, पार तिकडच्या टोकाला गेलेला असतो. मधले सगळे महिने तो या दोन खुणांच्या मध्ये रोज थोडाथोडा सरकतो. थंडीत जन्मलेल्या कोकराला सकाळचं पहिलं ऊन मिळालं नाही, तर ते दुपार बघत नाही. म्हणून वाघुरीचं तोंड ऊन येईल तिकडं फिरवत राहावं लागतं. चार-आठ दिवसांनी मेखा उपटायच्या, पुन्हा ठोकायच्या.

"त्या मेखा कोण ठोकतं, ठाऊक आहे?"

विचारायची गरज नव्हती. खाली, जाळीपाशी, लाल परकरातली एक पोर दगडानं काहीतरी ठोकत होती. आवाज वर यायला जरा वेळ लागत होता. हात खाली गेलेला दिसायचा, मग ठक् ऐकू यायचं.

गुरुजी पुष्कळ वेळ बघत राहिले…

"मला हे माहीत नव्हतं," ते म्हणाले.

"हे तिला सांगून या."

"तुम्ही चला ना बरोबर. तुम्ही एक शब्द टाकलात, तर…"

"शब्द तुमच्या तोंडून गेलाय, गुरुजी. तो परत आणायला मी कसा जाऊ?"

"ती नाही आली तर? बुधवारी शाळा जाईल, मास्तर."

"जाईल."

एवढंच. धीर नाही, दिलासा नाही. एकतीस वर्षं ज्या शाळेत काढली, तिच्याबद्दल हा माणूस असं बोलतो. गुरुजींनी चमकून बघितलं, तर मास्तर धोतराच्या सोग्यानं चष्म्याची काच पुसत होते, आणि ती काच स्वच्छ होती.

दोघं परत सावलीत आले. वही उघडीच पडली होती. गुरुजींनी ती उचलली, दिशांचं पान दोन्ही हातांत धरलं आणि वरून फाडायला घेतलं. बोटभर फाटलं असेल, तेवढ्यात मास्तरांनी मनगट धरलं. म्हाताऱ्याच्या मुठीत अजून जोर होता.

"हे कशाला?"

"तुम्हीच तर दाखवलंत. या टाचणापायीच…"

"मीही एकतीस वर्षं लिहिलं. एक दिवस चुकवला नाही. पाहुण्यांना बोलावून घरात चूल न पेटवणारा माणूस मला आवडत नाही." मास्तरांनी फाटलेली कड अंगठ्यानं दाबून बसवली. "पण पाहुण्यांच्या वाट्याचं आपणच जेवून, वर त्यांच्या नावानं ढेकर द्यायचा नसतो."

गुरुजींना हसू आलं नाही. त्यांनी वही मिटली, पिशवीत घातली, चपला पायांत सरकवल्या. दोन पायऱ्या उतरले आणि थांबले. खालून अजून ठक् ठक् ऐकू येत होतं.

"मास्तर, तिच्यापुढं जाऊन उभा राहीन. जे म्हणालो ते चुकलं, असंही म्हणेन. समजा ती आली, तर उद्या वर्गात काय करू? टाचणात काय लिहू?"

मास्तरांनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं होतं.

"टाचणात शिक्षकाचं नाव कुठं लिहिता?"

"सगळ्यात वर. तारखेच्या खाली."

मास्तर तांदूळ निवडू लागले…

"उद्या तिथं मायाक्का लिहा."