सड्यावरची ठकूआई

फार मागची गोष्ट. धारवलीला तेव्हा वाट होती ती फक्त गुरांची, आणि गावावरचा सडा, ते कातळाचं पठार, आजच्यासारखाच उघडा, काळा, वाऱ्याचा होता. त्या काळी गावात ठकू नावाची बाई होती.

गळ्याखाली गाठ आली की माणसं ठकूच्या दारात यायची. सड्यावर कातळाच्या खळग्यांत मूठभर माती साचते. तिथे पावसात आमरी उगवते. जमिनीला चिकटलेलं एकच पान आणि त्यावर पांढरंशुभ्र फूल. मुळाशी दोन कंद, एक गेल्या सालचा, एक यंदाचा. ठकू जुना काढायची, नवा तसाच झाकून ठेवायची. जुना उगाळून लावला की गाठ बसायची, असं म्हणतात.

मग घरात धाकटी जाऊ आली, पुतळा. ठकूनंच तिला सड्यावर नेलं, आमरी दाखवली, कंद उगाळायला शिकवलं. पण पुतळाच्या हाताला गुणच निराळा. तिनं नुसता गळ्यावर हात फिरवला तरी रडतं पोर गप्प व्हायचं. हळूहळू माणसं ओटीवर येऊन विचारू लागली, "धाकली हाय का घरात?"

"का, मी काय मेले?" ठकू म्हणायची.

माणसं हसायची. ते हसणं ठकूला जेवताना आठवायचं आणि ती ताट सरकवून उठायची. 'हिच्या हातात काय सोनं लागून गेलंय?' ती मनाशी जळायची. 'गुण त्या कंदाचा. कंदच नसला तर बघू ही काय करते.'

एका श्रावणात, सडा धुक्यात बुडालेला असताना, ठकू खुरपं घेऊन वर गेली. खळगा न् खळगा उकरला. जुना कंद काढला, नवाही काढला. सगळे आणून परसात लावले, वर चांगलं शेणखत घातलं. आता आमरी माझ्या दारात, पुतळाला माझ्याकडे हात पसरावा लागेल, या विचारानं तिला कित्येक दिवसांनी गोड झोप लागली.

कंद कुजले. तिनं सड्यावरची माती आणून घातली, तरी कुजले. एकच टणक राहिला, तो तिनं तांदळाच्या मडक्यात दडवला.

पुढच्या पावसात सड्यावर आमरीचं पान दिसलं नाही. आणि त्याच साली गाठींची साथ आली. पोरं तापली, म्हातारी माणसं गेली, आणि शेवटी पुतळाचाच गळा सुजला. तेव्हा मात्र ठकूनं मडकं उपसलं. ती कंद घेऊन पुतळाच्या उशाशी बसली आणि तो तिच्या मुठीत ठेवला.

"घे. एवढाच उरलाय."

"मला ठावं व्हतं, अक्का," पुतळा म्हणाली. "खुरप्याच्या खुणा वळखू येत्यात."

"मग बोलली का न्हाईस?"

"बोलून उगवली असती व्हय? ह्यो मला लावू नगा. वर न्या. परत जीव धरंल."

"मरतानाबी तूच मोठी व्हणार!" ठकू ओरडली. "उघड मूठ, दे हिकडं, उगाळते!"

पुतळानं मूठ उघडली नाही. ती गेल्यावरच उघडली.

सगळं गाव रडलं. ठकूच्या डोळ्यांत टिपूस आलं नाही. एवढं गाव माझ्यासाठी रडेल का, हेच तिच्या मनात येत राहिलं. मग तिनं सगळ्यांसमोर सांगितलं, "आमरी म्या उपटली," आणि कुणी बोलायच्या आत कंद पदरात बांधून सडा चढली. पुन्हा खाली आली नाही.

तिनं कंद खळग्यात लावला आणि शेजारी बसली. साळिंदराला हाकललं, गुरांना हाकललं. गारा पडल्या तर वाकून पाठीवर झेलल्या. फूल आलं, तेव्हा मध प्यायला येणारा पतंग, पाकोळीसुद्धा, शिवू नये म्हणून त्यावर पदर धरला. फूल माझं! ते सुकून गेलं, शेंग धरली नाही. पुढच्या सालीही तेच. अशीच वर्षं गेली, ठकू म्हातारी झाली.

एका संध्याकाळी एक पाकोळी पदराभोवती घिरट्या घालत राहिली. ठकूनं हाकलली, ती परत आली. शेवटी म्हातारीचा हात थकला. "जा बाई, तूबी घे," ती म्हणाली आणि पदर बाजूला केला.

त्या साली शेंग धरली. पिठासारखं बी वाऱ्यानं उधळलं, आणि असं म्हणतात, पुढच्या श्रावणात अख्खा सडा पांढरा झाला. खालून गावानं पाहिलं, माणसं धावत वर आली. "पुतळा फुलली! पुतळा फुलली!"

"पुतळा कसली? राखली म्या!" ठकू कडाडली. आणि बोलता बोलता हमसून रडायला लागली, "पुतळे, पुतळे" म्हणत. धुकं आलं, पसरलं, ओसरलं. ठकू तिथे नव्हती.

आजही धारवलीत दोन जावांचं पटेनासं झालं की गौरीआधी गावातल्या म्हाताऱ्या त्या दोघींना सड्यावर पाठवतात. "काय भांडायचं ते ठकूआईपुढं भांडा," म्हणतात. फूल कुणी तोडत नाही. दोघी वर जातात, जोरजोरानं एकमेकींची उणीदुणी काढतात, पावसात भिजतात. मग दोघींत मिळून पानांचं एकच इरलं असतं, त्यात दोघी शिरतात आणि खाली येतात.