सव्वा रुपयाचा आहेर

कोष्ट्यांच्या वस्तीचे एक गाव होते. तिथे सिदबा नावाचा एक मनुष्य राहत असे. देवाने त्याला खणखणीत आवाज दिला होता. कुणाचेही लग्न असो, अक्षता पडल्या की आहेर पुकारायला सिदबाच उभा राही. मोठ्या आहेराची तो तोंड भरून स्तुती करी आणि लहानाची थट्टा. मांडव हसे, आणि सिदबाला ते हसू फार गोड लागे.

शेजारी गंगाक्का राहत असे. ती एकटी होती. विणकरांना सुताच्या कांड्या भरून देई, त्यावर तिचे पोट चाले. सिदबाची बायको वारली तेव्हा त्याची तानी लहान होती. तेव्हापासून तानीची वेणी गंगाक्काच घालत आली होती.

एकदा पाटलाच्या घरी लग्न निघाले. गंगाक्काने सव्वा रुपया आहेर दिला. सिदबाने तो दोन बोटांत धरून उंच केला.

"गंगाक्कांचा आहेर, सव्वा रुपया! रुपया नवरदेवाला आणि चार आणे जेवणाचे बरं का!"

मांडव खदखदून हसला. गंगाक्का नुकतीच पंगतीला बसली होती. तिने पानाला नमस्कार केला आणि ती उठून गेली. त्यानंतर ती कुणाच्याच लग्नाला गेली नाही.

पुढे तानीचे लग्न ठरले. तानी म्हणाली, "बाबा, आक्का आली नाही तर माझी वेणी कोण घालणार?"

सिदबा अक्षत घेऊन शेजारी गेला. गंगाक्का रहाटाशी बसली होती.

"आक्का, पोरीच्या लग्नाला यायचं."

"पोर माझीच आहे रे. पण माझा आहेर अजून तेवढाच आहे."

"आहेर नको, आक्का. नुसत्या या."

"पोरीच्या लग्नाला रिकाम्या हाताने येऊ होय?"

सिदबाला म्हणायचे होते, आक्का, माझं चुकलं. पण सगळा मांडव भरून टाकणारा तो आवाज त्या एवढ्याशा खोलीत फुटेना. लग्नात मागून घेऊ माफी, असे मनाशी म्हणत तो अक्षत ठेवून परतला.

लग्न आठवड्यावर आले आणि गंगाक्काला ताप भरला. त्यातच ती गेली.

लग्नाच्या दिवशी तानीची वेणी कुणीतरी घाईघाईत घातली. अक्षता पडल्या. लोक सिदबाकडे पाहू लागले. तेवढ्यात गंगाक्काची पलीकडच्या घरातली शेजारीण पुढे आली आणि तिने त्याच्या हातात एक पुरचुंडी ठेवली. आत सव्वा रुपया होता, आणि वेणीला बांधायचा लाल गोंडा.

"आक्कानं जाताना दिलंय," ती हळूच म्हणाली. "पुकारू नका म्हणाली."

"सिदबा, पुकार की! आज घरचंच कार्य आहे!" मागून कोणीतरी ओरडले.

सिदबाने पुरचुंडी तानीच्या ओटीत घातली. गोंडा तिच्या वेणीला बांधायला गेला, पण त्याला गाठ मारता येईना. तानीने मागे हात नेऊन ती स्वतःच मारली.

त्या गावात आहेर अजूनही पुकारतात. सिदबा मात्र पुन्हा कधी उभा राहिला नाही.

तात्पर्य: आहेर किती, हे चारचौघांत मोजू नये, तो देणाऱ्याची थट्टा तर मुळीच करू नये. हसून उठवलेले माणूस पुन्हा पंगतीला बसवायला दर वेळी सवड मिळतेच असे नाही.