डावीकडचा लोबझांग

"डावीकडची जागा रिकामी का ठेवायची, मेमे-ले?" चोरोलने विचारलं.

"रिकामी कुठे आहे?" पुंचोक आजोबा म्हणाले. लडाखमधल्या त्या गावात आजोबांना मेमे म्हणतात, आदराने मेमे-ले.

एकच नियम चोरोलला लहानपणापासून कानीकपाळी ओरडून सांगितलेला होता. बर्फावरच्या हॉकीत गोलासमोर बचावाला दोघं लागतात. या तळ्यावर मात्र एकानेच उभं राहायचं, उजवीकडे. का, ते विचारायचं नाही.

चोरोल कॉलेजात शिकून आलेली, आणि खेळायची डावीकडून. उद्या परदेशी क्लबचा माणूस याच तळ्यावर तिचा खेळ बघायला येणार होता. उजवीकडे उभी राहिली, तर तो चहा पिऊन निघून जाईल, हे तिला दिसत होतं.

म्हातारी मंडळी काठावर लोणी घातलेला खारट चहा पीत बसली होती. शहरात शिकलेली पोरगी आता बर्फालाही जाब विचारते, असं एक जण म्हणाला. बाकीचे हसले.

मेमे हसले नाहीत. तरुणपणी तेही अशाच एका क्लबात पगारी बचावपटू होते. नाक मोडलं, पुढचे दात गेले, गुडघ्यात खिळे बसले. गोल मात्र कधी नावावर लागला नाही. त्याआधी ते आणि त्यांचा मित्र लोबझांग या तळ्यावर जोडीने खेळायचे, लोबझांग डावीकडे. एका हिवाळ्यात लोबझांगच्या पायाखालचं बर्फ फुटलं आणि तो खाली गेला. उन्हाळ्यात तळं वितळल्यावर गावाने तळ ढवळून काढला...

काहीच सापडलं नाही.

"क्लबात तुमच्या डावीकडे कोणीच नव्हतं?"

"पुष्कळ आले नि गेले." मेमे स्केटचे बंद आवळत होते. "पास मी एकालाच देत होतो."

ते बर्फावर उतरले. दुखरा गुडघा सांभाळत उलटे घसरत गेले आणि मान न वळवता त्यांनी रबरी चकती डावीकडे ढकलली.

चकती घरंगळत लांब गेली. तिकडे ना भिंत होती, ना माणूस. नुसता भुसभुशीत बर्फाचा ढीग.

चकती परत आली. सरळ मेमेंच्या स्टिकवर.

चोरोलने ती उचलली. ओली होती. आणि तळ्यावर तर पाण्याचा थेंबही सुटा नव्हता.

"बघितलंस ना?" काठावरून मघाचाच म्हातारा म्हणाला. "आता मुकाट उजवीकडे हो."

चोरोलच्या अंगावर काटा आला होता. तरी ती गेली ती थेट डावीकडे. तिच्या पायाखाली, खूप खोल, कोणी बोटाने दार ठोठावावं तसं वाजलं...

ती हलली नाही.

"तो इथे असेल तर असू दे," ती म्हणाली. "मी ही जागा सोडणार नाही. उद्या नाही, कधीच नाही."

 काठावर हातातल्या पेल्यांत चहावर लोण्याचा थर धरत गेला.

मेमे तिच्या खांद्यावरून पलीकडे बघत राहिले.

"थोडी पुढे उभी राहा," ते म्हणाले. "मागचं तो बघतो."