मॉनिटर कुणाचा भारी?

चिंचोलीच्या जत्रेत नलिनी सुतारचा ऑर्केस्ट्रा होता. गाव लोटलं होतं, पण गाणं राहिलं बाजूला! सरपंच विलासराव आणि माजी सरपंच दादाराव, दोघांनीही तिला कानात घालायचे महागडे मॉनिटर भेट दिले होते, गाताना साथ नीट ऐकू यावी म्हणून. दोघांनाही त्यातलं ओ का ठो कळत नव्हतं. भांडण तेवढं कळत होतं.

“माझा भारी का त्याचा, माईकवर सांग!” विलासराव गरजले.

मंडप विलासरावांच्या जागेत आणि जनरेटर दादारावांचा. एक जरी रुसला तरी कार्यक्रम बंद, हे नलिनीनं ओळखलं. तिनं दोन्ही मॉनिटर आळीपाळीनं घालून एकेक ओळ गायली.

“सरपंच, तुमच्या मॉनिटरात ढोलकी पोटापर्यंत घुमते. दादा, तुमच्यात घुंगरू न् घुंगरू सुटं ऐकू येतं.”

“गोडगोड बोलू नकोस, बाई. भारी कुठला?” दादाराव उठून खेकसले.

“तुमचा घातला तेव्हा सरपंचांची बडबड ऐकू आली नाही. त्यांचा घातला तेव्हा तुमची. दोन्ही झकास!”

मंडप खदखदून हसला. तरी विलासरावही उठलेच. “हे चालायचं नाही! एकच नाव घे!”

नलिनीनं एका कानात यांचा मॉनिटर घातला, दुसऱ्यात त्यांचा, ढोलकीवाल्याला खूण केली आणि हात जोडून म्हणाली, “काय म्हणालात, सरपंच? आता दोघांचंही ऐकू येईना बघा!”

ढोलकी कडाडली, शिट्ट्या उठल्या, आणि दोन्ही पुढाऱ्यांना मुकाट खाली बसावं लागलं.