लाल वेलीचा पाला

डोंगरउतारावरच्या एका जंगलात सशांचे एक कुटुंब राहत असे. त्या घरात नुकतीच नवी सून आली होती. ती बोलायची कमी, ऐकायची जास्त. आणि मुलांनो, त्या जंगलात ऐकायला पुष्कळ होते. तिथल्या मोठ्या उंबराखाली उभे राहून कोणीही आपले दुखणे सांगायचे, की फांदीफांदीवरून पाखरे उपाय ओरडायची. आपल्या घरी मोबाइलवर येतात ना, तसेच समजा. ज्या उपायाचा गलका मोठा, तो खरा मानायची पद्धत होती. 'मला ठाऊक नाही' हे शब्द त्या झाडावरून कधी कोणी ऐकले नव्हते.

एकदा सासूबाईंना ताप भरला. सून त्यांच्या कपाळावर ओली पाने ठेवून ठेवून थकली. तेवढ्यात तिचा नवरा तोंडात पाला धरून उंबराकडून धावत आला.

"लाल वेलीचा आहे," पाला खाली ठेवत तो म्हणाला. "वाटून द्यायचा. एका रात्रीत ताप उतरतो."

"अहो, पण कोण म्हणालं?"

"अख्खं झाड म्हणतंय. एवढे सगळे चुकतील का?"

"द्या काय द्यायचं ते," सासूबाई कण्हत म्हणाल्या. "शेजारणीचा काढा झाला, जाऊबाईंचा चिखलाचा लेप झाला. आता पालाच तेवढा राहिलाय."

सुनेलाही वाटले, द्यावा आणि आपण जरा डोळे मिटावेत. पण पाला वाटायला घेताच त्याच्या रसाने तिच्या पंजाची आग आग झाली. हे पोटात गेले तर काय होईल, या विचाराने तिची झोप उडाली. "पाणी पाजत राहा, मी आलेच," असे नवऱ्याला सांगून ती उंबराकडे गेली.

"या पाल्याने बरं झालेलं कोणी तुम्ही स्वतः पाहिलंत का?" तिने पोपटाला विचारले.

"पाहायला कशाला हवं? साळुंकीने सांगितलं."

साळुंकीला बुलबुलाने सांगितले होते आणि बुलबुलाला कावळ्याने. कावळा म्हणाला, "मला पोपटाने सांगितलं. त्याचं बोलणं किती स्पष्ट असतं, तूच बघ की."

उंबराला पुरती फेरी घालून सून पुन्हा पोपटाच्याच फांदीखाली येऊन उभी राहिली. गोष्ट एकच होती. फिरून फिरून ती झाडभर झाली होती.

"इतक्या शंका काढतेस," साळुंकी वरून म्हणाली, "सासरी कशी गं नांदणार तू?"

सून विचार करू लागली. बरे झालेले सांगायला झाडाखाली येतात; जे वाचले नाहीत, ते कुठे येणार? ते कोणाला ठाऊक असतील? मग तिला कड्यावरचे गिधाड आठवले. त्याचे तोंड पाहणेही अशुभ, म्हणून तिकडे कोणी फिरकत नसे. ती पाय ओढत कडा चढली.

"माझ्याकडे सगळेच येतात," गिधाड म्हणाले. "पण येतात तेव्हा त्यांना काही विचारता येत नाही. तू पहिलीच. काय हवंय?"

"लाल वेलीचा पाला खाल्लेले कोणी पाहिलेत का, काका?"

"पुष्कळ. जिभा सुजलेल्या, तोंडं भाजलेली."

"म्हणजे त्याने कोणीच बरं होत नाही?"

"ते मला ठाऊक नाही. बरे झालेले माझ्याकडे येत नाहीत. मी पाहिलं तेवढंच सांगतो."

त्या जंगलात आल्यापासून 'ठाऊक नाही' म्हणणारे तिला पहिल्यांदाच भेटले होते. त्याच्याच बोलण्यावर तिचा विश्वास बसला.

"तापाचं तळ्यावरच्या कासवाला विचार," गिधाड म्हणाले. "त्याने आजारी जनावरांपाशी दिवस दिवस बसून पाहिलंय. पण ते एका रात्रीचं वचन देणार नाही, सांगून ठेवतो."

सून तळ्यावर गेली आणि तिच्याबरोबर कासव घरी आले. त्याने सासूबाईंची जीभ पाहिली, पाणी किती पितात ते विचारले, आणि पाला दूर फेकायला लावला. "पाणी पाजा, सावलीत निजू द्या. धाप लागली तर लगेच बोलवा. किती दिवस लागतील ते सांगता येत नाही."

नवरा फुरंगटला. सासूबाई चिडचिड करत राहिल्या. सून जागत राहिली. ताप उतरला, पण अगदी सावकाश.

नंतर एका संध्याकाळी सून उंबराखालून जात होती. वरून पोपट ओरडत होता, "सशाची म्हातारी लाल वेलीच्या पाल्याने ठणठणीत बरी झाली."

"आम्ही तो दिलाच नव्हता," सून म्हणाली.

"तुला माहीत नसेल," पोपट समजुतीने म्हणाला. "तुझ्या नवऱ्याने गुपचूप दिला असेल." तोवर पुढच्या चार फांद्यांवरून तेच ऐकू येऊ लागले होते.

अख्ख्या झाडाशी भांडण्याएवढे त्राण सुनेत उरले नव्हते. पण झाडाखाली एक हरिणी उभी होती. तिच्या तोंडात पाला होता आणि पायाशी तापाने फणफणलेले पाडस. सून तिच्याजवळ गेली.

"ताई, तो पाला राहू द्या. पाडसाला घेऊन तळ्यापर्यंत चालवेल का? जरा लांब आहे."

हरिणीने वरच्या गलक्याकडे पाहिले, मग पाडसाकडे. तिने पाला खाली टाकला आणि दोघी चालू लागल्या.

तात्पर्य : उपाय किती जण सांगतात हे मोजू नये, स्वतः कोणी पाहिले आहे आणि 'मला ठाऊक नाही' असे म्हणायला कोण कचरत नाही, ते शोधावे, मग त्यासाठी कितीही पायपीट झाली तरी चालेल.